नवरा निवडणुकीला गेला

मी वसईची, पप्पा शाळेत मास्तर. नर्सिंग करून मेलबर्नला आले, तिथल्याच पॉइंट कुक भागात राहिले, आणि चर्चच्या कॉयरमध्ये मोझेस भेटला. आफ्रिकेतला. देशाचं नाव नका लिहू हं, त्याची आई, भावंडं अजून तिथंच आहेत. वकील माणूस, इथल्या युनीत कायदा शिकवायचा, बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार. पप्पा आधी फोनवर येईनात, मग म्हणाले, वकील आहे ना, मग ठीक आहे. वकील! काय सांगू तुम्हाला, त्या वकिलीनेच घात केला.

तिकडच्या विरोधी पक्षाची माणसं त्याच्या मागे लागली, निवडणूक लढव, कायदा जाणणारा माणूस हवाय आम्हाला. तिथला नियम असा की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलं तर उभं राहता येत नाही. मी म्हटलं, मग झालं, विषय संपला. तो म्हणाला, इथलं नागरिकत्व सोडतो ना. अहो, ज्याच्यासाठी लोक इथं वर्षानुवर्षं शिफ्टा मारतात, ते ह्याने सोडलं! वर मलाच समजावतो, जिंकलो तर तुम्हाला नेतो, हरलो तर तुझ्या नावावर व्हिसा काढून परत येतो, नो वरीज. मी भांडले, रडले, अबोला धरला, सगळं करून झालं. आमची लेक रेचल तेव्हा प्रायमरीत, ती म्हणाली, मम्मा, लेट हिम गो, ही विल बी बॅक. तो गेला आणि थोड्याच दिवसांत करोना आला, सगळं बंद.

आता बघा, तो नागरिक नाही म्हणून त्याला आत येता येईना आणि मी नागरिक म्हणून मला बाहेर जाता येईना. करोनात इथल्या सरकारने नागरिकांना देशाबाहेर जायला बंदी केली होती, परवानगी मागितली, नकार. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. मी वृद्धांच्या होममध्ये ड्युटीला, तिथली म्हातारी माणसं जात होती, त्यांच्या मुलांना मी व्हिडिओवर शेवटचं तोंड दाखवायचे, आणि घरी आले की माझा नवरा पण व्हिडिओवरच. रेचल फोन ताटासमोर उभा करून जेवायची. नेट अडकलं की तो अर्धवट तोंड उघडून थांबायचा, ही जेवत राहायची.

निवडणूक झाली, तो हरला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला हो. त्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवले. पण व्हिसा लटकला, आणि तिकडे त्याच्या प्रचारातली पोरं पोलिसांनी उचलली, तो त्यांच्या केसेस लढायला लागला. शेवटी व्हिसा आला तेव्हा मी कामावर, तशीच कारपार्कमध्ये धावले, फोन लावला, मोझेस, आला रे व्हिसा! तो म्हणाला, पोरं माझ्यामुळे आत आहेत, त्यांना टाकून कसा येऊ? मी म्हटलं, आणि आम्ही? लाईन चालू होती, मागे कुठंतरी कोंबडा ओरडत होता.

आता जायला परवानगी लागत नाही. आम्ही दोघी जाऊन आलो, फार वाळलाय. पुढची निवडणूकही लढणार म्हणतो. दारुडा असता, बाहेरख्याली असता, तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण चांगला माणूस आहे हो, काय करणार. आधी देवाला म्हणायचे, त्याला परत आण. आता तेवढं म्हणत नाही. त्याला जिवंत ठेव, म्हणते.