पाळण्यातला शेतकरी

आमच्या पणजीने एकटीने शेती केली हे अख्ख्या घराला ठाऊक होतं हो, फक्त कागदाला नव्हतं.

आम्ही भोपाळला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हा मला पूर्वज शोधायचं खूळ लागलं. काकांनी गावाहून जुन्या सातबाऱ्याची नक्कल पाठवली. पणजोबा लवकर गेलेले, म्हणून जमीन आजोबांच्या नावावर. 'जमीन कसणारा' या रकान्यातही तेच. खाली शेरा: 'अज्ञान, पालनकर्ती आई.' अज्ञान म्हणजे वयाने लहान. पणजीचं नावसुद्धा नाही.

आई म्हणाली, "म्हणजे पाळण्यातलं पोर नांगर हाकत होतं म्हणा!"

बाबा चिडले. "अगं, सरकारी भाषा असते ती."

"बरं, नाव काय होतं तिचं?"

बाबांना सांगता येईना. आपल्या या आजीला ते जन्मभर 'माय' म्हणत आले होते.

त्याच आठवड्यात जनगणनेच्या बाई आल्या. बाबांचं नाव, नोकरी लिहून झाली. "और भाभीजी क्या करती हैं?"

"कुछ नहीं, घर पर ही रहती हैं," बाबा म्हणाले.

आई नेमकी क्वार्टरमागच्या तिच्या वाफ्यांतून अंबाडी खुडून आत येत होती. हात मातीने भरलेले.

"खेती लिखिए," ती म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. बाबा हसायला लागले. "अगं, शेती कसली? जमीन कारखान्याची आहे!"

आईने अंबाडी टेबलावर ठेवली, त्या सातबाऱ्याशेजारीच.

"मायची तरी कुठे होती?"