जाडातला पडदा

पडद्यांच्या दुकानात कापड फाडून घ्यायला रांग होती. माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या; धाकटी शाळेत शिकवणारी.

“अगं, अजून किती जाड हवाय तुला?”

“पलीकडचा आवाज आत येता कामा नये, ताई. शाळेतल्या शांत खोलीसाठी आहे.”

“म्हणजे शिक्षेची खोली?”

“छे गं! गोंगाटानं बावरणाऱ्या मुलांसाठी. मंद दिवा, मऊ गाद्या, हात घालून बसायला वाळूची परात. जीव घाबरला की मूल आपणहून उठतं, तिथे जाऊन बसतं. कुणी काही विचारायचं नाही.”

“छान आहे की. उपयोग होतो?”

“होतो म्हणजे! माझ्या वर्गात एक चिमणी आहे. जरा कलकलाट झाला की कानांवर हात. तिथे गेली की घटकाभरात शांत.”

“मग अडलंय कुठे?”

“हल्ली ती परत वर्गात येतच नाही. हात धरून दारापर्यंत आणते, तर हात सोडवून पळाली पुन्हा खोलीत. तिथे अजून पुरेसं शांत नसणार, म्हणून हा पडदा.”

“वर्गात कुणी चिडवतं का तिला?”

“छे, मुळीच नाही. उलट मी मुलांना शिकवून ठेवलंय. ती दारात दिसली रे दिसली, की सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. पोरीचं कौतुक नको का व्हायला?”

“सगळा वर्ग?”

“अख्खा! छप्पर उडेल अशा वाजवतात गं. अशी काय बघतेस? सांग ना, हा घेऊ की तो?”

“जाडातला जाड घे.”