देवाच्या वहाणा आणि पारूचे तळवे

माझा जन्म वेतोबाच्या देवळामागच्या चांभारवाड्यातला, आणि माझे वडील देवाच्या वहाणा शिवायचे. तुम्ही पाहिल्या असतील त्या, माणसाच्या पायाला कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या, जाड चामड्याच्या. कुणाचा नवस फळला की तो आमच्याकडे यायचा, मग ती जोडी वाजतगाजत देवापुढे जायची, आणि वडील आवाराच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, थांबायचे. पुढे न्यायला दुसऱ्याचे हात लागायचे. देव रात्रीचा गावाची राखण करत फिरतो म्हणून वहाणांचे तळ झिजतात, असं सगळे सांगतात. मी लहानपणी विचारलं, बाबा, देवाक आमचो हात चलता, मगे पाय कित्याक चलणा नाय? वडील म्हणाले, गप रव गो, माझो टाको चुकतलो.

मी सातवी झाले, मग बालवाडी चालवायचं शिक्षण घेतलं. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झालेली. गावात अण्णांचा काजूचा कारखाना निघाला होता. अण्णा म्हणजे देवळाचे मानकरी, कारखान्याचे मालक, आणि बालवाडीच्या समितीचे अध्यक्षही तेच, म्हणजे गावात अण्णांविरुद्ध दाद मागायची तीही अण्णांकडेच. बायका सकाळी बिया फोडायला जायच्या, पोरं ठेवायची खंय, म्हणून देवळाच्या आवारात धर्मशाळेची पडवी बालवाडीला दिली. शिकलेली दुसरी बाई मिळेना, तेव्हा मला घेतलं. मी पडवीत पाय ठेवला तर तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, मगच पोरं बसवली. तुम्ही लिहून घेताय ना, मग लिहा तेही, गाळू नका.

पहिला नियम अण्णांनी सांगितला, आवारात चामडं चालणार नाही, पोरांच्या चपला गडग्याबाहेर. बऱ्याच पोरांना चपला नव्हत्याच, होत्या त्या थोरल्या भावाच्या, पायातून निसटणाऱ्या, त्याही बाहेर. आणि काय सांगू तुम्हाला, आवारात पावसाचा चिखल होतो म्हणून अण्णांनी आपल्याच कारखान्यातली काजूची टरफलं पसरून दिलेली, भिजून जळणाला निकामी झालेली. बी भाजून फोडली तरी टरफलात तेल राहतं, ते अंगाला लागलं की कातडं सोलून निघतं. त्या पोरांच्या आयांची बोटं त्याच तेलाने काळी पडलेली. त्या हाताला राख चोळून कामाला बसायच्या. पोरांच्या तळव्यांना राख कोण चोळणार?

पारू चार वर्षांची होती. खेळता खेळता बसली ती उठेना. पाय उलटून बघितला तर तळव्यावर फोड, काही फुटलेले, त्यांत माती. मी तिला कडेवर घेऊन कारखान्यात गेले. तिची आई बिया फोडत बसलेली, तिने पाय बघितला आणि आधी दाराकडे बघितलं. म्हणाली, बाई, तुमच्या पाया पडतंय, अण्णांका काय सांगू नकात, माझा काम जायत. आपल्या पोरीचा सोललेला पाय बघून बाईला मालकाची भीती वाटते, याची मला शिसारी आली. तिची नाही हो, ज्याने ती भीती घातली त्याची.

वडिलांनी राहिलेल्या चामड्यातून पारूला छोटी जोडी केली, टाचेमागे पट्टा, त्याला बक्कल, पळाली तरी निसटायची नाही. ती घेऊन मी अण्णांच्या लोट्यापाशी, घरापुढच्या ओसरीपाशी, गेले. वर बोलावलं नाहीच, अंगणातूनच सांगितलं, अण्णानू, दोन गोष्टी मागतंय, टरफलां उचला आणि पोरांका पायात घालूक देवा. अण्णा पान जुळवत होते. म्हणाले, काय गो, बापाशीचो धंदो वाढवूक इलंस? बसलेले हसले. मी म्हटलं, देवाच्या वहाणा चामड्याच्याच आसत, त्या गाभाऱ्यापर्यंत जातत. ते म्हणाले, देवाचा वेगळा. मग म्हणाले, कौल लावया, देव सांगात तसा.

मी नको म्हणत होते. पोरीचा पाय भाजला तर त्याला कौल कशाला? पण गाव जमलं. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या, पोरांनी चपला घालाव्यात तर उजवी दे, नको तर डावी, असं गाऱ्हाणं घातलं, आणि मी गडग्यापाशी उभी, जिथे वडील उभे राहायचे तिथेच. उजवी पडली. सगळ्यांनी बघितली. अण्णा म्हणाले, वारो इलो, परत लाव. परत उजवी. अण्णा म्हणाले, पाकळी बरी चिकटूक नाय, परत लाव. डावी पडेपर्यंत लावत राहिले, आणि डावी पडल्यावर हात जोडून म्हणाले, झाला, देवान सांगितल्यान. देवाला गप्प करणारा माणूस मी त्या दिवशी बघितला.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेलेच नाही. आमच्या फणसाखाली सामान ठेवायचा मांगर होता, ती खोपी वडिलांनी साफ करून दिली, तिथे बसले. चांभाराच्या दारात कोण पोर पाठवणार? पारूची आई आली, पारूला कडेवर घेऊन, भर सकाळी सगळ्यांसमोरून. म्हटलं, तुझा काम? ती म्हणाली, जायत तर जायत, माझ्या चेडवाक आपल्या पायान चलाक होया. मग हळूहळू बाकीची आली. नियम माझे, बाहेर जाताना प्रत्येकाच्या पायात आपल्या मापाचं, मागे पट्टा असलेलं, घालण्याआधी झटकून, आणि आत येताना सगळ्या जोड्या एका ओळीत, कोणाची कोणाला लागली तरी लागू दे. अण्णांचं पोर आलं असतं तर त्याचीही त्याच ओळीत लागली असती. नाही आलं.

वडील गेले. देवाच्या वहाणा आता शहरातून येतात. बालवाडी अजून मांगरातच आहे. आणि पारू, आता मोठी झालेली, त्याच कारखान्यात बिया फोडायला बसते. सकाळी धाकट्या बहिणीला सोडायला येते, खाली बसून तिच्या टाचेमागचं बक्कल लावते, तेव्हा मला तिची बोटं दिसतात, आईसारखीच काळी. मी पाय वाचवले हो, हात वाचवू शकले नाही. धाकटी पट्टा लागला की पळत सुटते, मागे बघतही नाही. पळू दे. पळत लांब जाऊ दे तिला.