झाग्रेबहून आलेला फोन

बेलग्रेडला गाण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर माझ्यापुढे दोन बायका बोलत होत्या.

“देसांका, काल झ्वोन्कोचा फोन आला गं.”

“तुझा भाऊ? झाग्रेबहून? युद्धात देश फुटला तेव्हापासून बोलणं बंद होतं ना त्याचं!”

“टीव्हीवर गाण्यांच्या मधे आपलं शहर दाखवलं. नदी, पूल, आमची गल्लीसुद्धा. ते बघून राहवेना म्हणाला.”

“मग? भांडलात की रडलात?”

“तो रडला. म्हणाला, ल्युबिंका, आईला दे ना फोन.”

“अगं बाई! आई गेल्याचं कळवलंच नव्हतंस?”

“कुठे कळवणार? पत्ता तरी होता का?”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, गाणी ऐकताऐकता डोळा लागलाय तिचा.”

“ल्युबिंका!”

“तर म्हणाला, नको उठवूस. परवाच्या गाडीने मीच येतो तिला भेटायला.”