पितळे आणि पिताले

आडनावापायी अमेरिकेत कोणी माझा जीव खाईल असं वाटलं नव्हतं, यार. तिथल्या प्लेनो शहरात घर घेतलं आणि एका रविवारी टोनी पिताले नावाच्या म्हाताऱ्या इटालियन माणसाचा फोन आला. हे आडनाव फार दुर्मीळ, म्हणून इंटरनेटवर शोधत तो माझ्या फोटोपर्यंत आणि फोन नंबरापर्यंत पोचला होता.

"तुझं गाव कुठलं?"

"चिपळूण."

"ते सिसिलीत येतं का?"

"नाही हो, कोकणात. आमचं पितळे, तुमचं पिताले. इंग्रजीत दोन्ही एकसारखंच लिहितात, एवढंच."

त्याला पटेना. मग दर रविवारी फोन. एकदा पणजोबांचा फोटो पाठवला आणि म्हणाला, नाक बघ, अगदी तुझंच आहे. बायको म्हणाली, "नंबर ब्लॉक कर." शेवटी मी वैतागून त्याला म्हणालो, "टोनी, आमच्याकडे पितळे ढिगाने आहेत. मला आणखी नातेवाईक नकोत."

तो हळूच म्हणाला, "आमच्यात मी शेवटचा. मला मूलबाळ नाही. तुला मुलं आहेत?"

"दोन मुलगे आहेत."

"मग त्यांना सांग, स्पेलिंग बदलू नका."