पोनितीची गाठ

कोबीच्या पाट्यांनी भरलेला ट्रक ज्वालामुखीचा उतार उतरून बाजाराकडे निघाला होता. स्रियातुनने डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. तिच्या शेजारी विधवा पोनिती बसली होती आणि समोर बायको गेलेला मुजोनो.

“पोनिती, सारोंग अंगाभोवती नीट लपेटलंस, पण गाठ भलत्याच खांद्यावर आलीय.”

“अंधारात बांधली. एवढ्या थंडीत आरसा कोण बघतंय?”

“तो खांदा बिनलग्नाच्या पोरींचा. गाव हसेल.”

“हसू दे. तुमचं बरं लक्ष माझ्या खांद्याकडे.”

“समोर बसलोय. मग बघू कुठे, कोबीकडे?”

“बघा की. यंदा छान भरलाय कोबी.”

“विषय बदलू नकोस. सोड ती, आणि विधवेच्या खांद्यावर बांध.”

“कंटाळा आला हो त्या खांद्याचा.”

“मग राहिली पाठीवरची. ती नवरा असलेल्या बाईची.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“तिथे माझा हात पोचत नाही.”

स्रियातुनने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

“जरा तिकडे वळून बस बघू,” मुजोनो म्हणाला.