मलावी सोडून

हरारेतल्या पेटंट कार्यालयात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं नंबर लागायची वाट बघत बसलं होतं. पायाशी शेंगा फोडायचं यंत्र.

"अहो चिएद्झाचे बाबा, देश कोणकोणते सांगणार आहात?"

"आपला झिंबाब्वे, झांबिया, बोत्स्वाना, युगांडा, घाना. अर्ज एकच, तोही इथेच. देशोदेशी हेलपाटे नकोत. मंजूर झाला की तिथे मला विचारल्याशिवाय कुणी हे यंत्र बनवायचं नाही."

"आणि मलावी?"

"मलावी नाही."

"वा! पार घाना आठवला, आणि बायकोचं माहेर तेवढं वगळलंत?"

"हळू बोल गं, लोक बघताहेत."

"बघू देत! माझ्या बहिणींची बोटं सोलतात शेंगा फोडून फोडून."

"म्हणून तर. मलावी सांगितला तर तुझ्या भावालाही माझी परवानगी लागेल. नाही सांगितला, तर गावचा लोहार उद्या बनवेल. कोण अडवणार?"

"मग हे घरी सांगायला तोंड दुखत होतं का?"

"तुमच्यात जावयाने सासुरवाडीला जाऊन राहायचं, त्यांच्या शेतात राबायचं. तुझी आई शेवटपर्यंत वाट बघत होती. मी काही गेलो नाही."

"आता कशाला ते?"

"माझ्याऐवजी हे तरी जाऊ दे."

"…आणि असं धुळीने माखलेलं पाठवणार सासुरवाडीला? आणा तो रुमाल इकडे."